टाइमपास साइट्स: संगणकवेड्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक शिकवायला लागल्यापासून अभ्यासक्रमाबाहेरचा एक प्रश्न मला सतत येतो: "मॅडम, नेटवर मजेशीर काय आहे?" विचारणाऱ्यांत बारावीची मुलं असतात, त्यांचे बाबा असतात आणि रात्रपाळीत सर्व्हर सांभाळणारे माजी विद्यार्थीही असतात. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. साइट्सची नावं देवनागरीत दिली आहेत. सर्च करताना ती इंग्रजीत टाका, आणि भलतीच साइट उघडू नये म्हणून प्रश्न १४ आधी वाचून घ्या.

१. टाइमपास साइट म्हणजे नक्की कोणती? रील्स बघणं त्यात धरायचं का?

मी धरत नाही. रील्स कधी संपूच नयेत अशी त्यांची रचना असते. मी ज्या साइट्सबद्दल लिहितेय त्यातल्या बऱ्याचशा एखाद्या माणसाने, डोक्यात कल्पना शिरली आणि स्वस्थ बसवेना म्हणून बनवलेल्या आहेत. तासभर रमलात की संगणक आतून कसा चालतो याचा एखादा धागा हाती लागतो. मला त्या आवडतात त्या याच कारणासाठी.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतलं कॉफीचं भांडं. ते 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीपाशी असायचं. इमारतीतली इतर माणसं जिने चढून-उतरून तिथवर यायची आणि भांडं रिकामं निघायचं. १९९१ मध्ये तिथल्या संशोधकांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र प्रत्येकाच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसेल अशी सोय केली. चित्र जेमतेम १२८ बाय १२८ ठिपक्यांचं आणि तेही करड्या छटांचं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि केंब्रिजला कधीही न गेलेली माणसं तिथे कॉफी किती उरलीय ते बघू लागली. जगातला पहिला वेबकॅम म्हणून ओळखतात तो हाच. त्या भांड्याचं पुढे काय झालं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

२. माझ्याकडे पाचच मिनिटं आहेत. कुठून सुरुवात करू?

'पॉइंटर पॉइंटर'पासून. माउस हवा तिथे न्या आणि क्षणभर हलवू नका. एक फोटो येतो आणि त्यातलं कुणीतरी नेमकं तुमच्या बाणाकडे बोट दाखवत असतं. माउस सरकवला की दुसरा फोटो, दुसरी माणसं, पण बोट पुन्हा बाणावरच. घरातल्या आजी-आजोबांना दाखवा, त्यांना फार आवडतं.

त्यानंतर 'विंडोस्वॅप'. सिंगापूरमधल्या एका जोडप्याने २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती सुरू केली. जगभरचे लोक आपल्या खिडकीतून दिसणारं दृश्य चित्रित करून पाठवतात आणि आपण बटण दाबलं की कुणा अनोळखी माणसाच्या खिडकीशी जाऊन बसतो. तिथला पाऊस, कुत्र्याचं भुंकणं, लांबून जाणारी ट्राम, सगळं ऐकू येतं.

३. नेट गेलं की येणारा डायनासोरचा खेळ कधी संपतो का?

तुमच्या-आमच्या हयातीत नाही. क्रोममध्ये हा खेळ २०१४ मध्ये आला. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय की तो पूर्ण व्हायला सुमारे १ कोटी ७० लाख वर्षं लागतील असा हिशेब ठेवला आहे, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार टी-रेक्स पृथ्वीवर तेवढाच काळ होते (प्रत्यक्षात तो काळ याहून बराच कमी होता). २०१८ मध्ये गूगलने सांगितलं होतं की हा खेळ दर महिन्याला २७ कोटी वेळा खेळला जातो, आणि खेळणारे मुख्यतः भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा देशांतले, म्हणजे जिथे मोबाइल डेटा महाग किंवा बेभरवशाचा होता तिथले.

स्पेस बारने उडी, खालच्या बाणाने वाकणं. नेट चालू असतानाही खेळता येतो. शाळांमधून तक्रारी आल्यावर तो बंद ठेवण्याची सोय गूगलने केली, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये डायनासोर हलत नसेल तर कीबोर्डला दोष देऊ नका.

४. मला प्रोग्रामिंग अजिबात येत नाही. माझ्यासाठी काय आहे?

नील अगरवाल या तरुणाची 'नील डॉट फन' ही साइट. त्यातला 'द पासवर्ड गेम' (२०२३) मी वर्गात पहिल्याच आठवड्यात दाखवते. सुरुवात साळसूद असते: पासवर्ड किमान ५ अक्षरांचा हवा. मग आकडा हवा, मग कॅपिटल अक्षर हवं. मग म्हणतो, सगळ्या आकड्यांची बेरीज २५ यायला हवी. पुढे रोमन अंकांचा गुणाकार ३५. पुढे बुद्धिबळाच्या डावातली सर्वोत्तम चाल लिहा. त्या चालीत एखादा ७ असतो आणि तुमची २५ ची बेरीज बिघडते. ती दुरुस्त करेपर्यंत पासवर्डमध्ये एक अंडं येऊन बसतं, ते जपावं लागतं आणि मध्येच आग लागते ती विझवावी लागते. असे एकूण ३५ नियम आहेत. एक अट जोडली की आधीच्या चार मोडतात, हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा रोजचा अनुभव एक ओळही कोड न लिहिता इथे मिळतो.

त्याच साइटवर २०२४ मध्ये आलेला 'इन्फिनिट क्राफ्ट'ही बघा. पाणी, आग, वारा, पृथ्वी एवढंच हाती असतं (आपल्या पंचमहाभूतांतलं आकाश तेवढं राहिलं). दोन गोष्टी एकमेकींवर ठेवल्या की तिसरी तयार होते. ती कोणती हे एआयचं भाषा-मॉडेल ठरवतं, म्हणून जोड्या संपत नाहीत. रात्री दहानंतर उघडू नका.

५. 'गेम ऑफ लाइफ'ला खेळ का म्हणतात? त्यात खेळायचं काय?

हा माझा सगळ्यांत लाडका प्रश्न. उत्तर स्क्रीनवर शोधण्याआधी बुद्धिबळाचा पट आणि मूठभर चिंचोके घ्या.

काठावरची सोडली तर प्रत्येक घराला आठ शेजारी असतात. चिंचोका असलेलं घर जिवंत, नसलेलं मेलेलं. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते पुढच्या पिढीत टिकतं. त्याहून कमी असले तर एकटेपणाने जातं, जास्त असले तर गर्दीने. मेलेल्या घराला बरोबर तीन जिवंत शेजारी असतील तर तिथे नवा जीव येतो. नियम संपले. सगळ्या पटाचा हिशेब आधी करायचा आणि बदल एकदम करायचे, एवढंच पथ्य.

आता तीन चिंचोके आडव्या ओळीत ठेवा. पुढच्या पिढीत ते उभे होतात, त्यापुढे पुन्हा आडवे. मग हे करा: पहिल्या ओळीत मधल्या घरात एक, दुसऱ्या ओळीत उजवीकडच्या घरात एक, तिसऱ्या ओळीत तिन्ही घरांत. पाच चिंचोके. चार पिढ्या हाताने काढा. तोच आकार एक घर खाली आणि एक घर उजवीकडे सरकलेला दिसेल. कुठल्याही नियमात 'चाल' असा शब्द नाही, तरी तो चालतो! याला ग्लायडर म्हणतात. माझ्या वर्गात हे पहिल्यांदा हाताने काढल्यावर एक मुलगी पटाकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "मी तर नुसते नियम पाळले."

जॉन कॉनवे या ब्रिटिश गणितज्ञाचा हा खेळ १९७० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून जगापुढे आला. कॉनवेंना वाटत होतं की कुठलीच रचना अमर्याद वाढत नसावी, आणि त्यांनी ५० डॉलरचं बक्षीस लावलं. त्याच वर्षी बिल गॉस्पर यांच्या गटाने दर ३० पिढ्यांनी एक नवा ग्लायडर सोडणारी 'तोफ' शोधून ते जिंकलं. पुढे सिद्ध झालं की या चौकटींत पुरेशी जागा असेल तर कुठलाही संगणक उभा करता येतो. एप्रिल २०२० मध्ये कोविडने कॉनवे गेले. आजही गूगलवर या खेळाचं पूर्ण इंग्रजी नाव टाकलंत तर निकालांच्या मागे त्या चौकटी जगताना-मरताना दिसतात.

६. विकिपीडियावरही खेळता येतं म्हणे?

दोन प्रकारे. पहिला शर्यतीचा: दोघांनी एकाच लेखापासून निघायचं, फक्त दुव्यांवर टिचकी मारत ठरलेल्या लेखावर आधी कोण पोचतो ते बघायचं. 'वडापाव'पासून 'न्यूटन'पर्यंत जाऊन बघा. सर्च वापरायचा नाही.

दुसरा एकट्याने: इंग्रजी विकिपीडियावर कुठलाही लेख उघडा, मजकुरातल्या पहिल्या दुव्यावर जा (कंसातले आणि तिरप्या अक्षरातले सोडून), मग तिथल्या पहिल्या दुव्यावर. बहुतेक वेळा शेवटी 'तत्त्वज्ञान' या लेखावर पोचता. लेखाचं पहिलं वाक्य "अमुक म्हणजे अमक्याचा एक प्रकार" असं असतं, त्यामुळे प्रत्येक पायरीवर विषय अधिक व्यापक होत जातो. १ मे २००३ पासून सुरू असलेल्या मराठी विकिपीडियावर ही साखळी कुठे नेते ते तपासणं हा एका रविवारचा छान उद्योग आहे.

७. जिओगेसरमध्ये भारत आला की मी नेहमी चुकतो. काय बघायचं?

स्वीडनमध्ये २०१३ साली सुरू झालेला हा खेळ तुम्हाला स्ट्रीट व्ह्यूच्या, म्हणजे गूगलने काढलेल्या रस्त्यांच्या चौफेर फोटोंच्या, एखाद्या रस्त्यावर सोडतो आणि नकाशावर जागा ओळखायला सांगतो. भारतात स्ट्रीट व्ह्यू बराच काळ अडलं होतं. २०११ मध्ये बंगळुरूत काम थांबलं, २०१६ मध्ये परवानगी नाकारली गेली आणि जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून ते सुरू झालं. त्या दहांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर ही चार आपली होती.

वाहनांच्या नंबरप्लेट धूसर केलेल्या असतात, त्यामुळे पाट्या वाचा. देवनागरी दिसली म्हणजे हिंदीपट्टा असं समजून लोक फसतात. 'ळ' दिसला, 'मिळेल' किंवा 'आहे' दिसलं की महाराष्ट्राकडे या. गोव्यात कोंकणीही देवनागरीत आणि 'ळ'सकट असते, तेव्हा दोघांत निवड करताना घरांची ठेवण आणि रोमन लिपीतल्या पाट्या बघा. लाल एसटी दिसली तर प्रश्नच मिटला. फुकटात खेळायला मर्यादा आहेत, पैसे भरण्याआधी तेवढ्यावर समाधान होतंय का ते बघा.

८. लहानपणी खेळलेले डॉसचे आणि फ्लॅशचे गेम आता कुठे मिळतील?

'इंटरनेट आर्काइव्ह'वर. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे ना-नफा ग्रंथालय आहे. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीवरचे, सुमारे २,४०० गेम असे ठेवले की ते थेट ब्राउझरमध्ये चालतात. तुमच्या ब्राउझरच्या आत एक अख्खा जुना पीसी उभा राहतो आणि गेमला वाटतं आपण त्यावरच चालतोय. फ्लॉपी खिशात घेऊन मित्राच्या घरी गेलेल्या पिढीला हे बघून काय वाटतं ते मी अनुभवलंय. अडीच इंचांच्या खिडकीत 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा तो ठिपक्याठिपक्यांचा राजपुत्र पुन्हा धावायला लागला तेव्हा मी दोन मिनिटं कीबोर्डला हातच लावला नाही.

फ्लॅशला, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ आणि अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या जुन्या तंत्राला, अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी निरोप दिला. त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, आर्काइव्हने 'रफल' नावाचा एम्युलेटर (जुन्या यंत्रणेची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरून फ्लॅशचे खेळ आणि अ‍ॅनिमेशन चालतील अशी सोय केली. "फ्लॅश प्लेयर डाउनलोड करा" असं आज कुठलीही साइट म्हणाली तर ती फसवणूक आहे.

९. खेळ नकोय, नुसतं बघत बसावं असं काही?

'अर्थ नलस्कूल'. कॅमेरन बेकारियो यांनी २०१३ मध्ये बनवलेला हा वाऱ्यांचा नकाशा आहे. अमेरिकेच्या हवामान मॉडेलच्या आकड्यांवरून तो दर तीन तासांनी बदलतो. हे मॉडेलचं चित्र आहे, प्रत्यक्ष मोजणी नाही, एवढं लक्षात ठेवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडा आणि पृथ्वी फिरवून अरबी समुद्र समोर घ्या. दक्षिण गोलार्धातून आलेल्या रेघा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, सोमालियापाशी पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि जोर धरून थेट कोकणावर येतात. रत्नागिरीवर टिचकी मारा, वाऱ्याची दिशा आणि वेग कोपऱ्यात दिसेल. मग खिडकीबाहेरच्या माडाकडे बघा. नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडाल तेव्हा त्याच समुद्रावर वारे उलटे, ईशान्येकडून येत असतील. मेनूतून समुद्राचे प्रवाह, लाटा आणि हवेतले धूलिकणही बघता येतात.

१०. टाइमपास करता करता खरंच काही शिकता येईल असं सांगा.

सगळ्यात आधी 'ओव्हरदवायर'चा 'बँडिट'. टर्मिनलमधून (नुसत्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) दूरच्या लिनक्स मशीनवर लॉगिन करायचं आणि पुढच्या पातळीचा पासवर्ड तिथल्याच फाइलींत शोधायचा. एका पातळीवर फाइलचं नावच नुसती आडवी रेघ असतं. 'कॅट' ही फाइल दाखवायची आज्ञा लिहून पुढे ती रेघ दिली की टर्मिनल ढिम्म उभं राहतं, कारण त्याच्या भाषेत ती रेघ म्हणजे "कीबोर्डवरून वाच". रेघेच्या आधी टिंब आणि तिरपी रेघ लावली की फाइल उघडते. हे पुस्तकातून वाचून विसरलेली मुलं इथे अर्धा तास अडकली की जन्मभर विसरत नाहीत.

'नँडगेम'मध्ये एका साध्या लॉजिक गेटपासून (० आणि १ वरून उत्तर ठरवणाऱ्या छोट्याशा भागापासून) सुरुवात करून अख्खा प्रोसेसर जोडत न्यायचा असतो. वेब डिझाइन शिकणाऱ्यांना 'फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी'चे २४ टप्पे पुरतात. गणित आवडत असेल तर 'प्रोजेक्ट ऑयलर', तिथे गणिताची कोडी प्रोग्राम लिहून सोडवायची असतात.

डिसेंबरमध्ये 'अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड', म्हणजे प्रोग्रामिंगचं रोज एक कोडं. एरिक वास्टल २०१५ पासून चालवतात. कोडं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्री उघडतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला. युरोपातल्यांना पहाटे उठावं लागतं, आपल्याला चहा-नाश्ता उरकून बसता येतं. पूर्वी २५ दिवस असायचं, २०२५ पासून १२ दिवसांचं झालंय.

११. 'बँडिट' खेळणं म्हणजे हॅकिंगच ना? पोलीस केस होईल का?

नाही. ते मशीन मालकाने खेळण्यासाठीच खुलं ठेवलंय. परवानगी हाच सगळा फरक. तिथे शिकलेलं शेजाऱ्याच्या वायफायवर किंवा कॉलेजच्या सर्व्हरवर न विचारता वापरलंत तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ लागू होतं, आणि अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं असेल तर कलम ६६ही. कलम ६६ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ४३साठी "फक्त बघत होतो" हा बचाव चालत नाही.

१२. कबुतरांवरून इंटरनेट चालवायचं अधिकृत मानक आहे हे खरं का?

दस्तऐवज खरा आहे. इंटरनेटचे नियम ज्या मालिकेत छापले जातात तिला आरएफसी म्हणतात, आणि तिच्यात १ एप्रिलला एखादा विनोदी दस्तऐवज काढायची जुनी परंपरा आहे. १९९० चा आरएफसी ११४९ पक्ष्यांच्या पायाला कागद बांधून डेटा कसा पाठवावा ते सांगतो. भाषा अगदी खऱ्या मानकाची.

आणि कुणीतरी ते करूनही पाहिलं. नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्स वापरकर्त्यांनी २८ एप्रिल २००१ रोजी खरी कबुतरं सोडली. नऊ पॅकेट (डेटाची छोटी पुडकी) पाठवली, चार उत्तरं आली. एका उत्तराला जवळपास एका तासापासून पावणेदोन तासांपर्यंत वेळ लागला. प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, चालला!

१९९८ च्या आरएफसी २३२४ मध्ये कॉफी मशीनसाठी प्रोटोकॉल आहे. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितली तर तिने त्रुटी क्रमांक ४१८ द्यावा, "मी किटली आहे". २०१७ मध्ये हा क्रमांक सॉफ्टवेअरमधून काढायची सूचना आली तेव्हा लोकांनी इतका विरोध केला की तो टिकला, आणि आता राखीव आहे. गूगलच्या पत्त्यापुढे टीपॉट लिहून बघा.

१३. हजारो लोक एकाच वेळी खेळतात त्या साइट्स कोणत्या?

दोन प्रसंग सांगते, दोन्ही आता संपलेत. १ एप्रिल २०१७ ला रेडिट या चर्चेच्या साइटने १००० बाय १००० ठिपक्यांचा कोरा पट ठेवला. एकाने एकच ठिपका रंगवायचा आणि मग काही मिनिटं थांबायचं. ७२ तासांत दहा लाखांहून जास्त लोकांनी मिळून झेंडे, चित्रं, लढाया आणि तह, सगळं केलं. २०२२ आणि २०२३ मध्येही तो पट पुन्हा मांडला गेला.

दुसरा जून २०२४ चा: 'वन मिलियन चेकबॉक्सेस'. दहा लाख चौकटी, एकाने खूण केली की ती सगळ्यांकडे दिसते. नोलन रॉयल्टी यांनी ती साइट बनवली. काही दिवसांनी डेटाबेस बघताना त्यांना आत वेबसाइटचे पत्ते लिहिलेले दिसले. आधी वाटलं, कुणी घुसखोरी केली. पण खूण म्हणजे १, रिकामी चौकट म्हणजे ०, आणि आठ चौकटींचं एक अक्षर! काही किशोरवयीन मुलं बॉट (आपोआप खुणा करणारे प्रोग्राम) लिहून चौकटींतूनच संदेश लिहीत होती, मोठमोठी चित्रंही काढत होती. स्क्रीनवर ते कुणालाच दिसत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या खिडकीच्या रुंदीप्रमाणे चौकटींच्या ओळी बदलत. रॉयल्टींनी त्यांना हाकललं नाही, त्यांच्याशी गप्पा मारल्या. साइट दोन आठवडे चालली.

१४. अशा साइट्सवर व्हायरसची भीती असते का?

वर दिलेल्या साइट्सची नाही, त्यांच्या नकलांची असते. तीन खुणा पक्क्या ठेवा. खेळण्याआधी फाइल डाउनलोड करायला सांगत असेल, 'नोटिफिकेशन अलाव करा' म्हणत असेल किंवा मोबाइल नंबर आणि ओटीपी मागत असेल तर टॅब बंद. 'पासवर्ड गेम'मध्ये स्वतःचा खरा पासवर्ड टाकायचा नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. चुकून नोटिफिकेशन चालू झालीच असतील तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'साइट परमिशन्स'मधून त्या साइटला काढा, फोन फॉरमॅट करायची गरज नाही.

१५. इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तर ऑफिसला कळत नाही ना?

कळतं. इन्कॉग्निटो फक्त तुमच्या मशीनवर इतिहास साठवत नाही. ऑफिसच्या नेटवर्कवरून कुठल्या साइटला गेलात याची नोंद नेटवर्ककडे राहते.

१६. मराठी माणसासाठी खास असं काही?

'अक्षरमुख' या लिपी बदलणाऱ्या साइटवर जा, देवनागरीत आपलं नाव लिहा आणि मोडी निवडा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपले हिशेब, पत्रं, खरेदीखतं ज्या लिपीत होती तीत आपलं नाव दिसतं. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकावर लिहायच्या मानकात, जागा २०१४ मध्ये मिळाली. नावाच्या जागी चौकोन दिसले तर 'नोटो सान्स मोडी' हा मोफत फॉन्ट टाका. घरात जुनं दफ्तर असेल तर एकेक अक्षर जुळवून बघा, संध्याकाळ कशी गेली कळणार नाही. छापील आणि हाताच्या मोडीत बराच फरक असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी दोन-तीन अक्षरं लागली तरी पुष्कळ झालं.

१७. माझी आवडती साइट बंद पडलीय. परत बघता येईल का?

'वेबॅक मशीन'मध्ये जुना पत्ता टाका. इंटरनेट आर्काइव्हची (प्रश्न ८) ही सोय २००१ पासून सर्वांना खुली आहे. साधी पानं आणि चित्रं बहुतेक वेळा मिळतात. सर्व्हरशी बोलत चालणारे खेळ (प्रश्न १३ मधल्यासारखे) नुसत्या छायाचित्रासारखे उरतात.

काही साइट्स चालू असूनही आतून विरत जातात. इंग्लंडमधल्या अ‍ॅलेक्स ट्यू या २१ वर्षांच्या मुलाने २००५ मध्ये कॉलेजच्या खर्चासाठी एका पानावरचे दहा लाख ठिपके एकेक डॉलरला विकले (शेवटचे हजार लिलावात जास्त किमतीला गेले) आणि एकूण १०,३७,१०० डॉलर जमवले. ते पान अजून दिसतं, पण त्यावरच्या बऱ्याच जाहिरातींवर टिचकी मारली तर पलीकडे आता कुणी नाही. म्हणून जी साइट आवडेल ती वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज' करून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि ते कॉफीचं भांडं (प्रश्न १): प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार होती म्हणून २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. जर्मनीच्या 'श्पीगल ऑनलाइन'ने ते ३,३५० पौंडांना लिलावात घेतलं आणि दुरुस्त करून पुन्हा चालू केलं. २०१५ पासून ते जर्मनीतल्याच पाडरबोर्नच्या संगणक संग्रहालयात ठेवलेलं आहे.